चपला आत घेऊन या

दवाखान्यात शिरताना चपला बाहेर काढायच्या ही आपल्याकडची रीत. देवळात, घरात चालते तशी ती डॉक्टरांच्या दारातही चालते. माझ्या कामात मात्र या रीतीने फार अडचण केली. मी फिजिओथेरपिस्ट. बारामतीत माझं छोटं केंद्र आहे आणि ठरल्या दिवशी मी इंदापूरलाही जाऊन बसते. मधुमेहाचा पेशंट आत येऊन बसतो तेव्हा त्याच्या हातात रिपोर्टांची फाइल असते, मांडीवर गोळ्यांची पिशवी असते, आणि त्याच्या चालण्याचा सगळ्यात खरा पुरावा बाहेर दहा जणांच्या चपलांत मिसळून पडलेला असतो. म्हणून मी दारावर पाटी लावली: ‘चपला आत घेऊन या.’ सुरुवातीला लोकांना वाटलं, इथं चपला चोरीला जात असणार.

चपलेत वाचण्यासारखं पुष्कळ असतं. टाच कुठल्या बाजूने झिजली आहे, अंगठ्याच्या मुळाशी काळा गुळगुळीत डाग पडला आहे का, बोटांच्या टोकांनी रबरात खड्डे पाडले आहेत का. खड्डे खोल असतील तर बोटं वाकडी होऊन टोकांवर भार यायला लागलाय. मग मी चपलेच्या आत बोट फिरवते. खडा सापडतो, मोडलेली टाचणी सापडते, चपला शिवताना ठोकलेल्या चुकेचं वर आलेलं टोक सापडतं. इंदापूर तालुक्यात डाळिंबाच्या बागा आहेत, आणि छाटणीनंतर बागेत काट्यांचा सडा असतो. एका शेतकऱ्याच्या रबरी चपलेतून असाच काटा आरपार वर आला होता. तळव्याला भोक पडून भोवतालची कातडी पांढरी झाली होती. ते त्याच पायाने सकाळपासून बाग फिरून, एसटीने येऊन, स्टँडवरून चालत आले होते. काटा दाखवला तर म्हणाले, “आयला! मला तर काय लागलं न्हाय.” त्यांना खरंच लागलं नव्हतं.

मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारते: चप्पल पायातून कधी गळून पडते का, आणि पडलेली कळत नाही असं होतं का? पेशंट विचारात पडतो आणि शेजारी बसलेली बायको हसायला लागते. “अवो म्याडम, परवा लग्नातनं एकाच पायात चप्पल घालून घरी आलं हे.” घरात हा चेष्टेचा विषय झालेला असतो. मी ते वाक्य कागदावर लिहून घेते आणि मग नायलॉनचा दोरा काढते.

हा दोरा साधा दिसतो. तो ठरावीक जाडीचा असतो आणि १० ग्रॅम दाब पडला की वाकतो. पेशंटने डोळे मिटायचे, मी अंगठ्याला, चवड्यावर ठिकठिकाणी तो टेकवत जाते आणि लागला की त्याने ‘हां’ म्हणायचं. काही जण दोन-चार ‘हां’ म्हणून गप्प होतात. काही जण मी हातही न लावता अंदाजाने ‘हां हां’ करत राहतात, कारण परीक्षेत नापास व्हायचं नसतं. बरोबर आलेला मुलगा सगळं बघत असतो. दोरा बापाच्या चवड्यात रुतून वाकलाय आणि बाप शांत बसलाय, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की मला फार समजावून सांगावं लागत नाही. हे एवढं तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत. तरी वर्षानुवर्षं शुगरच्या गोळ्या खाणाऱ्या किती तरी लोकांच्या पायाला पहिल्यांदा हात लावणारी मीच असते. रक्त दर तीन महिन्यांनी तपासलेलं असतं. मोजे उतरवायला कुणी सांगितलेलं नसतं.

मधुमेहात आधी मार खातात त्या शरीरातल्या सगळ्यात लांब नसा, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि दोन्ही पायांत बरोबरीने होते. मुंग्या येतात, रात्री तळपायांची आग होते, पाय पांघरुणाबाहेर काढून झोपावं लागतं. ही आग पुढे काही जणांची आपोआप थांबते. पेशंट खूश होऊन येतो, “आता बरं हाय, आग गेली.” अशा वेळी मला बरं वाटत नाही. आग थांबली ती बहुधा नस निकामी झाली म्हणून. त्याच सुमारास पायातल्या बारीक स्नायूंची ताकदही जाते, बोटं पक्ष्याच्या नख्यांसारखी वाकतात, चवड्याची हाडं खाली उतरतात आणि त्यांच्यावर घट्टा धरतो. पायाला घाम येणं बंद होतं, कातडी सुकते, टाचेला भेगा पडतात. त्या भेगांमधून जंतू आत जातात.

चालही बदलते. दारातून आत येणाऱ्या माणसाची पावलं आखूड झालेली असतात, दोन पायांतलं अंतर वाढलेलं असतं, नजर जमिनीवर असते. पाय कुठे पडतोय हे पाय सांगत नाही म्हणून डोळ्यांनी बघून टाकावा लागतो. दिवसा निभतं. न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. घरचे म्हणतात चक्कर येते. मग बीपीच्या गोळ्या बदलल्या जातात. मी अशा माणसाला समोर उभं करून नमस्कार करायला सांगते. वारकऱ्यांच्या मुलखात या विनंतीचं कुणाला नवल वाटत नाही, पण मी बघत असते ते तळहात एकमेकांना पूर्ण टेकतात का. जुन्या मधुमेहात सांध्यांभोवतालच्या ऊती कडक होतात आणि बोटांमध्ये फट राहते. जिथे हाताचे सांधे असे आखडलेत, तिथे घोटा आणि अंगठाही बहुधा आखडलेला असतो. घोटा नीट वाकत नसेल तर पाऊल उचलताना सगळा भार चवड्यावर जास्त वेळ राहतो, आणि जखम तिथेच होते.

“शुगरवाल्याची जखम भरत न्हाय” हे वाक्य या भागात इतकं मुरलंय की जखम झाली की माणूस अर्धा खचूनच जातो, आणि खचलेला माणूस उशिरा येतो. हे वाक्य बरंचसं खोटं आहे. वाढलेली साखर आणि बंद होत आलेल्या रक्तवाहिन्या जखमेला त्रास देतात हे खरं. पण पायाला रक्तपुरवठा ठीक असेल तर तळव्यावरची जखम बऱ्याचदा भरत नाही याचं कारण एवढंच असतं की माणूस तिच्यावर चालत राहतो. तुम्हा-आम्हाला साधा फोड आला तरी आपण लंगडतो. लंगडणं हा शरीराने स्वतःवर केलेला उपचारच आहे. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही. तो जखमेवर तसाच, ताठ, रोज हजारो वेळा पाय टाकतो.

ही गोष्ट जगाला ज्यांनी पटवली त्यांचं काम आपल्याच देशात झालं. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात झाला. १९४६ मध्ये ते वेल्लोरला आले आणि पुढे कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया करू लागले. कुष्ठरोग्यांची बोटं रोग खातो असं तेव्हा सगळे मानत. ब्रँड यांच्या लक्षात आलं की वेदना कळत नाही म्हणून ती भाजतात, कापतात, घासतात आणि अशी झिजत जातात. भार सर्व तळव्यावर सारखा वाटणारं प्लास्टर आणि मऊ सच्छिद्र रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या, चपला या कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतून मधुमेहाकडे आल्या. आणि इथेच माझी पंचाईत होते. त्या चपला आणि त्यांचा पाठीमागचा पट्टा आपल्याकडे जुन्या लोकांना बरोबर ओळखू येतो. एक आजी मला तोंडावर म्हणाल्या, “ही रक्तपितीची चप्पल घालून मी गावातनं फिरू व्हय?” मंडईजवळ चपला शिवणारे एक कारागीर आहेत, त्यांच्याशी बोलून आम्ही वरचं कातडं चॉकलेटी केलं, पट्टा नक्षीचा केला, चुका न ठोकता सगळं डिंकाने चिकटवलं. आजींनी ती चप्पल यात्रेत घातली. औषधाच्या चिठ्ठीवर मी रबराची जाडी लिहून देते तशी आता रंगाची पसंतीही विचारते.

महागडी साधनं आपल्याकडच्या पेशंटला परवडत नाहीत हे ओळखून नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांनी फोमची गुंडाळी जखमेच्या मागे बांधायची ‘समाधान’ नावाची सोपी पद्धत काढली. भार गुंडाळीवर पडतो, जखम अधांतरी राहते. अशा गोष्टी तालुक्याच्या प्रत्येक ड्रेसिंगच्या खोलीत असायला हव्यात. आहे काय, तर बेटाडीन आणि कापूस. रोज ड्रेसिंग होतं, आणि ड्रेसिंग झालं की पेशंट त्याच जखमेवर चालत स्टँडकडे जातो.

बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला ‘पाय जपा’ म्हणणं सोपं आहे. शेतीची लाइट कित्येकदा रात्रीची असते. उसाला दारं धरायला माणूस रात्री अकराला बॅटरी घेऊन निघतो, आणि चिखलात चप्पल रुतते म्हणून ती बांधावर काढून ठेवतो. अंधार, चिखल, अनवाणी पाय आणि जमिनीची जाणीव नसलेला तळवा. उसाच्या खोडक्या धारदार असतात, पाचटाने कातडी कापते. सकाळी घरी येऊन पाय धुतले की चिखलाबरोबर रक्त गेलं की नाही हेही कळत नाही. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात त्या वेगळ्याच. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला म्हटलं तर पाणी आत शिरून पाय आणखी कुजतात, ही त्यांची तक्रारही खरी आहे. आमची तडजोड अशी ठरलीय: मागे पट्टा असलेली प्लास्टिकची बंद सँडल शेतासाठी वेगळी ठेवायची, आणि परत आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या मधे कोरडे करून, उजेडात घरातल्या दुसऱ्या माणसाने तळवे बघायचे. स्वतः बघायला कंबर वाकत नाही आणि डोळ्यांत मोतीबिंदू असतो.

घरगुती उपायांशी माझं भांडण आहे, पण सरसकट नाही. भेगांना कोकमाचं तेल लावणारी आजी शहाणी आहे. भोवरीवर बिब्बा घालणारा मात्र स्वतःच्या हाताने पाय जाळतो. पाय थंड पडले म्हणून विटेचा शेक, मुंग्या येतात म्हणून कढत पाण्यात मीठ टाकून बुडवलेले पाय, दाढीच्या ब्लेडने कापलेली भोवरी. या प्रत्येक प्रकारातून झालेल्या जखमा मी पाहिल्या आहेत. पाण्यात आधी कोपर घाला किंवा नातवंडाला हात घालायला सांगा, एवढंच मी म्हणते. बायकांच्या बाबतीत जोडव्यांकडे बघावं लागतं. पायाला सूज आली की जोडवं मांसात रुततं. ते काढायला सौभाग्यवतीचं मन धजत नाही, आणि सासूसमोर तर नाहीच. एकीला मी सुचवलं, चांदीच्या दुकानातून उघड्या टोकाचं, सैल करता येणारं घ्या. तिने ऐकलं. दर वेळी ऐकतातच असं नाही.

“मी काटक माणूस, रानात राबतोय, मला कसली शुगर?” असंही पुष्कळ ऐकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९० च्या दशकापासून जे काम केलं त्यातून दिसलं की आपली बाळं वजनाने हलकी जन्मली तरी त्यांच्यात चरबीचं प्रमाण जास्त असतं. सडपातळ दिसणं हे आपल्याकडे मधुमेह नसल्याचं प्रमाणपत्र नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यात काटक माणसं भरपूर असणार.

आता ज्या सल्ल्यावर माझा खरा राग आहे तो: ‘रोज चाला.’ प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी तो लिहिलेला असतो. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. मनगटावर मुलाने अमेरिकेतून पाठवलेलं घड्याळ, रोज पहाटे दहा हजार पावलं, एकही दिवस खाडा नाही. साखर उत्तम आटोक्यात. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, आणि तिच्यावर दहा हजारांतली निम्मी पावलं. चालणं थांबवायला सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. सरांना शिस्त मोडायची सवय नव्हती.

चालायला माझा विरोध नाही. बधिर पायाच्या माणसाने वजन टाकून व्यायाम करूच नये असं पूर्वी सांगत. आता तसं सांगत नाहीत. जखम नसेल, पादत्राणं योग्य असतील तर बेताचं चालणं अशा पायांनाही चालतं आणि फायद्याचं असतं. पण उघडी जखम असेल तर त्या पायाने चालायचं नाही. त्या काळात खुर्चीत बसून हातांचे, मांड्यांचे व्यायाम करता येतात. साखरेला घाम कुठून आला याच्याशी देणंघेणं नसतं. थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो आणि उभं राहिलं की जातो, असं असेल तर रक्तवाहिनी अरुंद झाली असू शकते. आधी पायाची नाडी तपासायची, तंबाखू आणि मिश्री सोडायची, मग डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे थांबत थांबत चालायचं. तोल जात असेल तर चालण्याआधी भिंतीला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, एकापुढे एक पाऊल ठेवून चालणं. म्हणजे ‘चाला’ या एका शब्दाऐवजी प्रत्येक पायाला वेगळी चिठ्ठी हवी. ती लिहायची तर पाय बघावा लागतो, आणि गर्दीच्या ओपीडीत तेवढ्याला फुरसत नसते.

सगळ्यात फसवा असतो तो लाल, सुजलेला, गरम पण न दुखणारा पाय. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्ये दुसऱ्या एका आजारात वर्णन केलेली ही सांध्यांची पडझड मधुमेहातही होते. आतली हाडं मोडत असतात, आणि माणूस चालत असतो. आपल्याकडे ही ‘लचक’ ठरते आणि चोळून दिली जाते. मी दोन्ही पायांवर हाताची मागची बाजू ठेवते. एक पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागला तर चोळणं बंद, चालणं बंद, एक्स-रे आणि प्लास्टर. कित्येक महिने. गळीत हंगाम तोंडावर असताना, ऊसतोडीची टोळी दारात आलेली असताना शेतकऱ्याला महिनोन् महिने पाय टेकू नका म्हणायचं. हे वाक्य बोलताना माझा आवाज आजही थोडा खाली येतो. पण न ऐकणाऱ्यांची पावलं मधून खाली फुगून नावेच्या तळासारखी झालेली आहेत, आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत.

आषाढीच्या आधी या रस्त्याने तुकोबांची पालखी जाते. बारामतीचा मुक्काम, काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण, मग सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीहून नीरा ओलांडून पुढे. वाटेवरच्या सेवा केंद्रांत मीही बसते. तिथं पाय तपासण्यात एक निराळीच अडचण येते. वारकऱ्याचा पाय हातात घेतला की तो चटका बसल्यासारखा मागे ओढतो. “माउली, पाय कशाला धरता?” म्हणतो आणि उलट माझ्याच पाया पडतो. वारीत प्रत्येक जण दुसऱ्याच्या पायावर डोकं ठेवतो, पण स्वतःचा पाय दुसऱ्याच्या हातात द्यायला तयार होत नाही. त्यातून नवसाने अनवाणी चालणारे असतात. पाऊस लांबला तर डांबर तापलेलं असतं. एका आजोबांच्या दोन्ही चवड्यांवर फुटलेले फोड होते आणि ते टाळ वाजवत, ठेका धरत आले होते. “पांडुरंगानं पायाला कायबी जाणवू दिलं न्हाय बघा,” ते म्हणाले. त्यांच्या श्रद्धेला हात न लावता त्यांना दिंडीच्या ट्रकमध्ये बसवायला मला बराच वेळ लागला. शेवटी विणेकऱ्यांनी सांगितलं तेव्हा बसले.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, दोन्ही तालुक्यांत सरकारी रुग्णालयं आहेत, पाय काळा पडला की पूर्वीसारखं पहिल्या झटक्यात पुण्याला पळावं लागत नाही. पण मधुमेहात जे पाय कापावे लागतात त्यातल्या बहुतेकांची सुरुवात आधीच्या एखाद्या साध्या जखमेतून झालेली असते, आणि भरून आलेली जखमही वर्षभरात शंभरातल्या साधारण चाळीस जणांना पुन्हा होते. रुग्णालयापर्यंत गोष्ट जाण्याआधी रस्त्यातच ती पकडायला हवी.

म्हणून या पट्ट्यातल्या दिंडीप्रमुखांना माझी विनंती आहे. दिंडीत नाव नोंदवताना शुगर आहे का हे विचारून घ्या आणि ज्यांना आहे त्यांना निघण्याआधी पाय तपासून यायला सांगा. वहाणा नव्या घेतल्या असतील तर त्या आधी महिनाभर गावात वापरून पायाला बसू द्या. त्यांच्या गोळ्या-इन्सुलिन दिंडीच्या पेटीत जपा. साखर एकदम उतरली तर द्यायला खडीसाखर विणेकऱ्याच्या पिशवीत असू द्या. आणि रोज मुक्कामाला, हरिपाठ झाल्यावर, त्यांचे तळवे दुसऱ्या कुणी तरी बॅटरीच्या उजेडात बघा. फोड दिसला तर तो भरेपर्यंत त्या माउलीला ट्रकमध्ये बसवा. दुखत नाही म्हणून ती नको म्हणेल. तरी बसवा.